खण परत अडकव

"हणम्या, खण परत अडकव."

अण्णा शेटे माझ्या शेडच्या दारात उभे राहून असं म्हणाले तेव्हा मी एका चौकटीला रंधा मारत होतो. हात तसाच थांबला. लोकांनी माझ्याकडून दारं सरळ करून घेतली होती, खाटांची करकर घालवून घेतली होती. एका नवरदेवानं तर लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन आपला पाट उंच करून घेतला होता, नवरीपेक्षा बुटका दिसू नये म्हणून. पण चांगलं चाललेलं लाकूड बिघडवून मागायला आलेला हा पहिलाच माणूस.

मी म्हणलं, अण्णा, सकाळी सकाळी गंमत करायला मीच सापडलो का तुम्हाला?

ही गोष्ट आमच्या तासगावातली, वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि गावात मला सुतार म्हणून ओळखणारे कमी, खोडकर म्हणून ओळखणारे जास्त होते. शेडमध्ये मी एक स्टूल ठेवलेलं, त्याचा एक पाय मुद्दाम बोटभर आखूड. आलेल्या माणसाला मी मोठ्या आदरानं तेच पुढं करायचो. माणूस डुगडुगला, हातातला चहा मांडीवर सांडला, की माझा दिवस चांगला जायचा. अण्णांनाही मी तेच दिलं. अण्णांनी आधी स्टुलाचे चारही पाय हातानं चाचपले, भुईवर हात फिरवून लाकडाची एक चिपटी शोधली, ती आखूड पायाखाली सारली आणि मग बसले. माझा डाव फुकट गेला. त्यात काही वेगळं आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

अण्णांचं पेठेत काष्ठौषधीचं दुकान. हिरडा, बेहडा, वावडिंग, बाळंतिणीचा काढा, जनावरांचा जुलाब, सगळं तिथं मिळायचं. मागच्या भिंतीभर सागवानी कपाट आणि त्याला साठ-सत्तर लहान लहान खण. खणांवरच्या पितळी पट्ट्यांवर कधीकाळी नावं होती, ती झिजून गुळगुळीत झालेली. आत पुड्या. त्या पुड्या बांधायच्या शैलावैनी, म्हणजे अण्णांची सून. मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला, त्याला या धंद्यात रस नव्हता. त्यामुळं कुटायचं, चाळायचं, पुड्या बांधून खण भरायचे हे वैनींचं काम, आणि गादीवर बसून विकायचं अण्णांचं. त्या गादीवर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हते.

त्याच आठवड्यात अण्णा जमखंडीला बहिणीच्या घरी लग्नाला गेले आणि वैनींनी मला गुपचूप बोलावून घेतलं. म्हणाल्या, मामांना रोज त्या खणांशी कुस्ती करावी लागते, ते यायच्या आत सगळे सुरळीत करून द्या, तेवढंच त्यांना बरं वाटेल.

कपाट बघून मला कीव आली. एक खण निम्म्यात येऊन अडायचा. एक जरा वर उचलल्याशिवाय हलत नव्हता. एकाचा तळ लोंबलेला, तो बाहेर येताना शेपूट चेंगरलेल्या मांजरासारखा ओरडायचा. मुठींची तर नुसती जत्रा. कुठं दोरीचं फासकं, कुठं वाकवलेला खिळा, कुठं बाटलीचं बूच. मी एकेक खण बाहेर काढला, मागं नंबर घातला आणि सगळे उन्हात वाळत ठेवले. जिथं लाकूड घासून चकाकतं तिथंच खण अडतो, तेवढ्याच जागी हलका रंधा मारायचा. हावरटासारखा मारला तर उन्हाळ्यात तोच खण खुळखुळायला लागतो. वर आलेले खिळे ठोकले, लोंबलेले तळ बदलले, आतल्या झिजलेल्या पट्ट्या नव्या घातल्या, सगळीकडं मेणबत्ती घासली. शेवटी एकसारख्या पितळी मुठी बसवल्या. एका बोटानं ओढलं की खण अलगद हातात. वैनी लहान पोरीसारख्या एकेक खण उघडून बघत होत्या, लावत होत्या, परत उघडत होत्या.

आणि आता अण्णा म्हणत होते, जसे होते तसे कर.

दोरी कुठं टाकलीस, खिळा कुठं आहे, असं ते एकापाठोपाठ एक विचारायला लागले. मी सांगितलं, दोऱ्या आणि बुचं बंबात गेली, खिळे भंगारात. अण्णांचं तोंड उतरलं. मला वाटलं, म्हातारा नव्या वस्तूला बुजलाय. मी हसत म्हणलं, उद्या येतो आणि असे अडकवतो की बैल जुंपून ओढावे लागतील. ते हसले नाहीत. आज बाजार आहे रे, एवढंच म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत निघून गेले.

मी लगेच चहाच्या टपरीवर जाऊन तिखटमीठ लावून ही गंमत सगळ्यांना सांगितली. तासाभरात पेठेतली माणसं एकमेकांना म्हणत होती, माझा दरवाजा नीट लागतोय, जरा बिघडवून घ्यायचा म्हणतो.

दुपारी ऊन कलायच्या आत अण्णा परत आले. या वेळी टोपी डोक्यावर नव्हती. ओठ सुजलेले, नाकाडोळ्यातनं पाणी. स्टुलाकडं न वळता ते दारातच भुईवर बसले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. चूळ भरली, परत भरली.

"हणम्या, मी जमालगोटा चाटून आलोय."

जमालगोटा म्हणजे बैलाचं पोट गच्च झालं की देतात तो जुलाब. धट्ट्याकट्ट्या माणसाला चिमूटभर फार होतो. मी विचारलं, ही असली हौस कशापायी?

अण्णांनी दम घेत घेत सांगितलं. सकाळी बाजाराच्या गर्दीत आरळवाडीची एक बाई आली होती. लेकीचं महिन्याचं बाळ पोट दुखून रात्रंदिवस रडतंय, बाळाच्या पोटाची पूड द्या म्हणाली. अण्णांनी खण ओढला, पुडी दिली, ती गेली. गर्दी ओसरल्यावर कपाटावरनं हात फिरवताना एक खण बोटभर बाहेर राहिलेला लागला. शंका आली म्हणून त्यातली पुडी फोडून जिभेला लावली.

"तो बाळाचा खण नव्हता," ते म्हणाले.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं हा माझ्यावरच डाव टाकतोय. सकाळी सगळ्या पेठेत त्यांची टर उडवली, त्याची परतफेड. मी त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. असे सुजलेले ओठ कुणाला गमतीखातर आणता येत नाहीत.

बाई कोण, म्हणून मी विचारलं. नाव माहीत नाही म्हणाले, पहिल्यांदाच आली होती.

"दिसायला कशी?"

अण्णांनी तांब्या चाचपत भुईवर ठेवला.

"लुगडं कसलं होतं? रंग सांगा की."

"आवाज जाड. दर वाक्याला 'चालतंय की' म्हणायची सवय. काखेत कोंबडी होती, ती सारखी कुरकुरत होती. हातात बांगड्या नसाव्यात, वाजत नव्हत्या."

"अण्णा, मी दिसायला कशी ते विचारतोय."

"म्हातारी असावी."

"असावी म्हणजे?"

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "मला उजेड कळतो आणि अंधार कळतो. त्याच्या मधलं काही दिसत नाही."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलेलं, गेलेली नजर परत येणार नाही. पण गाव पायाखालचं, दुकान हाताखालचं, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. आणि खण? दोरीच्या खालचा बाळाचा. खिळ्याच्या शेजारचा, ओढताना डावीकडं तिरका होणारा, तो जनावरांचा. निम्म्यात अडणारा हिरडा, ओरडणारा ज्येष्ठमध. खण हाताला लागला की त्यांना कळायचं आत काय आहे. पन्नास वर्षं त्या वासात बसलेल्या माणसाला नाकानं काही वेगळं कळत नाही म्हणाले, सगळाच वास सारखा. मी ते सगळे खण एकसारखे करून ठेवले होते. अण्णा सकाळपासून बोटांनी ओळी मोजत होते, आणि बाजाराच्या धांदलीत एक घर चुकलं.

घरात सांगितलंत का, म्हणलं. अण्णांनी माझं मनगट धरलं. शैलाला कळलं तर दुकान आजच बंद, म्हणाले. तिला नको. आधी बाळ.

मी एम-एटीला किक मारली. अण्णा मागं बसले, दोन्ही हातांनी माझे खांदे आवळून. स्टँडवर गेलो तर आरळवाडीची गाडी केव्हाच गेलेली. मी कंट्रोलरच्या खिडकीत तोंड घालून म्हणलं, आरळवाडीत कुणाकडं तरी फोन लावा, एका बाईच्या पुडीत विष आहे. खिडकीत कदम बसलेले. मागच्या वर्षी मीच आवाज बदलून त्यांना फोन केला होता, की विभागीय साहेब तपासणीला येताहेत, आणि कदमांनी टँकर मागवून आख्खं स्टँड धुऊन घेतलं होतं.

कदमांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं अण्णांकडं. "या खेपेला म्हाताऱ्यालाही सामील केलंस होय," ते म्हणाले. "जा. आता मी पाणी वाया घालवणार नाही."

मी शपथ घेतली. गणपतीची घेतली, आईची घेतली. बाकड्यावर बसलेली माणसं खुसखुसायला लागली. एकानं विचारलं, खण अडकवले का रे? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी आपल्याला मूर्ख म्हणावं, पण खोटारडा म्हणू नये. तिथं उभं राहण्यात अर्थ नव्हता. गाडी वळवली.

आरळवाडीचा रस्ता तेव्हा निम्मा डांबरी, निम्मा खडीचा. अण्णा मागनं सारखं विचारत होते, कुठं आलो, ओढा आला का, चिंच आली का. मी ओरडून सांगत होतो. गाडी खड्ड्यात आपटली की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. ओढ्याच्या अलीकडं मेंढरं आडवी आली. मुक्काम हलवत निघालेला धनगरांचा वाडा, घोडी, कुत्री, करडं, सगळा बारदाना रस्त्यावर. हॉर्न वाजवला तर मेंढरं आणखीनच एकमेकांत घुसली. मी उतरून त्यांच्यात शिरलो, दोन्ही हातांनी ढकलत वाट करायला लागलो. मागं अण्णा गाडीला धरून उभे, तोंडानं काहीतरी पुटपुटत. नीट ऐकलं तर ते हिशेब करत होते. गाडी गावात पोचली असेल, म्हातारी घरी गेली असेल, हातपाय धुतले असतील, आता सहाण घेतली असेल. मी म्हणलं, अण्णा, गप्प बसा, तुमच्यानं माझे हात कापायला लागलेत.

आरळवाडीत पारावर दोन गडी बसलेले. लहान बाळ कुणाकुणाकडं आहे, म्हणून विचारलं. एक वरच्या आळीला, एक शाळेच्या मागं, असं कळलं. वरच्या आळीच्या घरात गेलो तर एक बाई तरातरा बाहेर आली आणि कोण पाव्हणं, कुठनं आला, काय पायजे, असं एका दमात विचारलं. अण्णांनी मान हलवली. ही नाही. मी तिला काही न सांगताच अण्णांना ओढत निघालो. ती मागनं काय काय बोलत होती, देव जाणे.

शाळेच्या मागच्या घरात बाळ रडत होतं. तो आवाज ऐकून मी जागच्या जागी थबकलो. रडतंय म्हणजे जिवंत आहे, हे डोक्यात यायलाही वेळ लागला. ओट्यावर एक म्हातारी बसलेली, तोंडाला ओला पदर दाबून. दारात तिची लेक बाळाला खांद्यावर घेऊन हलवत होती. अंगणात म्हातारीचा मुलगा उभा, कपाळाला आठ्या.

अण्णा म्हातारीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. हात जोडून म्हणाले, बाई, सकाळी तासगावातनं पुडी आणलीत का?

म्हातारी बोलेना. नुसती बघत राहिली.

अण्णांनी बाळाच्या रडण्याच्या दिशेनं मान वळवून लेकीला तेच विचारलं. ती घाबरून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. अण्णा माझ्याकडं वळले. "ही नव्हे, हणम्या. चल, दुसरं घर बघू. उशीर होतोय."

आणि मला तर सगळं समोर दिसत होतं. ओट्याच्या कडेला पाय बांधलेली कोंबडी. अंगणात भिरकावलेली कागदाची पुडी, पिवळट पूड मातीत सांडलेली. आणि म्हातारीचे ओठ, अगदी अण्णांच्या ओठांसारखे. मी अण्णांचा दंड धरून त्यांना थांबवलं. म्हणलं, हेच घर आहे. तुम्ही त्यांच्याच समोर उभे आहात.

म्हातारीला बोलता येत नव्हतं. जीभ पोळलेली, घसा बसलेला. तिच्या लेकीनं सांगितलं. त्यांच्याकडं बाळाला पहिल्यांदा काहीही चाटवायचं तर आधी आजीनं आपल्या जिभेवर ठेवायचं, मग थोडा वेळ बसायचं आणि मगच बाळाला द्यायचं, अशी रीत. हौसाक्कांनी म्हणजे या म्हातारीनं पूड जिभेवर ठेवली आणि किंचाळून थुंकली. बाळाच्या तोंडात कण गेला नव्हता.

अण्णा ओट्याची कड धरून खाली बसले. पण मुलगा आता पुढं आला होता. शेटे तुम्हीच का, त्यानं विचारलं. माझ्या भाच्याला मारायला निघाला होता काय? त्याच्या मागं शेजारपाजारची माणसं जमायला लागली. एकजण म्हणाला, पोलिसात द्या. मी मध्ये पडलो आणि तोंडाला येईल ते बोलायला लागलो. की पुडी बांधताना चूक झाली, की सुनेनं चुकीच्या खणात टाकली असेल. खोटं बोलायची मला सवयच होती, आणि ते या खेपेला तरी कामाला येईल असं वाटलं.

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"सुनेनं काही चुकवलं नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही. मी आंधळा आहे. आठ-नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही."

मुलाचा वर उचललेला हात खाली आला, त्याचं काय करायचं हे त्याला कळेना. अण्णा तसेच बसून होते, मान वर, कुणाकडंच न बघता. मग म्हणाले, आधी हौसाक्कांना ताक पाजा आणि डॉक्टरांना दाखवून आणा, नंतर मला काय करायचं ते करा.

म्हातारीनं पदर तोंडावरनं काढला. फाटक्या आवाजात, एकेक शब्द ओढत बोलली.

"माझं बघतील. पोराच्या पोटाचं काय? पुडी कोण देणार?"

अण्णा म्हणाले, देतो. लगेच पाठवतो.

"चालतंय की," म्हातारी म्हणाली.

परत येताना अण्णांनी कुठं आलो म्हणून एकदाही विचारलं नाही. मी एकदा मागं वळून बघितलं, झोप तर लागली नाही ना म्हणून. डोळे उघडे होते.

दुकानासमोर गाडी थांबवली तर दुकान उघडं, चार गिऱ्हाइकं ताटकळलेली आणि गादीवर शैलावैनी. आम्हाला बघून त्या चटकन गादीवरनं उठल्या, चोरी पकडल्यासारख्या. मामा, कुठं होता, दुकान टाकून कुठं गेला होता, असं घाईघाईनं विचारायला लागल्या. अण्णा पायरीवरच बसले, गिऱ्हाइकांच्या बाजूला.

"शैला, बाळाच्या पोटाची पुडी काढ."

"तुमच्या हाताशीच आहे की, मामा. या ना वर."

"तू काढ. मला दिसत नाही."

वैनींना वाटलं चष्मा हरवला. त्या इकडंतिकडं बघायला लागल्या. मी म्हणलं, वैनी, चष्म्याचं नाही. आणि जमलेल्या गिऱ्हाइकांना हात दाखवून बाजूला काढलं. या खेपेला मी एकही विनोद केला नाही, म्हणून असेल, ते गुमान गेले.

अण्णांनी सगळं सांगितलं. आरळवाडीचं सांगितलं, खणांचं सांगितलं, मिरजेच्या डॉक्टरांचं सांगितलं. वैनी कपाटाला पाठ टेकून उभ्या राहून ऐकत होत्या.

"तू या घरात लग्न होऊन आलीस तेव्हाच गेली होती नजर," अण्णा म्हणाले. "तुझं तोंड मी बघितलेलं नाही."

वैनी बोलल्या त्या जमिनीकडं बघून.

"पहिल्याच वर्षी मी देवळातनं येत होते. तुम्ही समोरनं आला. मी डोक्यावर पदर घेऊन थांबले. तुम्ही बाजूनं निघून गेला, कोण परकी बाई असल्यासारखं. घरी येऊन मी मोरीत रडले. आजपर्यंत मला वाटतंय, मी तुम्हाला पसंत नव्हते. म्हणून तर हे खण करून घेतले."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मग म्हणाले, "तुझ्या चपलांचा आवाज आला असता तर मी ओळखलं असतं. देवळातनं येताना तुझ्या पायात काय होतं?"

"काही नव्हतं," वैनी म्हणाल्या. "नवस होता. अनवाणी होते."

मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. असल्या वेळी कुठं बघायचं हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

मागं खण उघडल्याचा आवाज आला. म्हणजे आवाज नव्हताच, मी तेवढं काम चांगलं केलं होतं. वैनींनी पुडी सोडून बघितली, वास घेतला, परत बांधली. जमालगोट्याचा खण त्यांनी मुळातनंच बाहेर काढला आणि घरात नेऊन ठेवला. कपाटात तेवढी एक काळी चौकोनी जागा राहिली. मी अण्णांना विचारलं, उद्या येऊन खण अडकवून देऊ का?

"राहू दे," ते म्हणाले. "आता ती बसेल गादीवर. मी इथं बसतो."

वैनींनी पुडी माझ्या हातात दिली. जावा, बाळ रडत असेल, म्हणाल्या.

दिवस मावळायला टेकला होता. एकट्यानं जाताना रस्ता दुप्पट लांब वाटला. पुडी खिशात ठेवून दर खड्ड्याला हात लावून बघत होतो, आहे का पडली. हौसाक्का ओट्यावर तशाच बसलेल्या. डॉक्टर येऊन गेला होता, काळजीचं काही नाही म्हणाला होता. बाळाचं रडणं आता थकून आलेलं, नुसते हुंदके. मी पुडी पुढं केली.

हौसाक्कांनी ती सोडली. पुडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पोळलेल्या जिभेवर परत काही ठेवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी चिमूटभर पूड उचलून माझ्यासमोर धरली.

"आधी तू खा."

मी आजवर किती जणांना काय काय खायला घातलं असेल. चहात मीठ, पेढ्यात मिरी. पण त्या चिमटीकडं बघून मी तोंड मिटून घेतलं. वैनींनी पुडी नीट बघितली होती, वास घेतला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मनात आलं, वैनींचे हात त्या वेळी थरथरत होते. हौसाक्का हात मागं घेईनात. दारात लेक, खांद्यावर बाळ, अंगणात तो मुलगा. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी तोंड उघडलं. त्यांनी पूड जिभेवर ठेवली.

ओवा लागला. मग कडवट काहीतरी, मग तुरट. मी गिळली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. हौसाक्का माझ्या ओठांकडं बघत होत्या, मी बाळाकडं. बराच वेळ गेल्यावर त्यांनी लेकीला सहाण आणायला सांगितलं.